बाईंचा टाका

माझ्या गळ्यात कायम एक काळी फीत असायची आणि फितीला टाके उसवायची छोटी कात्री. चष्मा विसरेन, किल्ल्या विसरेन, पण कात्री कधी विसरले नाही. शिवणकामाचा कारखाना आहे माझा. कारखाना म्हणायचा आपला. औषधाच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, सहा मशीन, कापड बेतायचं एक लांब टेबल, इस्त्रीचा कोपरा आणि रस्त्याकडच्या खिडकीपाशी माझं टेबल. सत्तावीस वर्षांत त्या टेबलावरून गेल्याशिवाय एकही कपडा जिना उतरला नव्हता. हे मी येईल त्या गिऱ्हाइकाला मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता सांगताना जीभ अडखळते, पण सांगते. दुसरं कुणी सांगेल तर तिखटमीठ लावून सांगेल, आणि मग मला ते दुरुस्त करावंसं वाटेल.

तपासायची माझी रीत ठरलेली. कपडा आधी खिडकीच्या उजेडात धरायचा, मग उलटा करायचा, मग शिवणीवरून अंगठा फिरवत जायचं. एक चूक सापडायचीच. कधी बटण सैल, कधी दुमडीत एक टाका तिरका, कधी आत लोंबणारा धागा. सापडली की मी "मास्तर!" अशी हाक मारायचे, चूक दाखवायचे, तेवढी उसवून पुन्हा घालून घ्यायचे, आणि माझा जीव भांड्यात पडायचा. "बघा, माझी नजर नसती तर काय झालं असतं," हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन, देव जाणे. कारखान्यातल्या बायका माना डोलवायच्या. मला वाटायचं, पटतंय त्यांना.

मास्तर म्हणजे आमचे कापड बेतणारे. माझ्याकडे पंचवीस वर्षं होते. किडकिडीत माणूस, कानामागे खडू, दिवसाकाठी दहा वाक्यं बोलतील तर शपथ. त्यांच्या वाटणीची सगळी बडबड आमची काजवाली करायची. ती काजं आणि बटणं करते, तोंडात दोरा असला तरी बोलते. या दोघांशिवाय माझा कारखाना चालला नसता, हे मला माहीत होतं. पण त्यांना ते कधी कळू दिलं नाही. डोक्यावर बसतील, अशी भीती.

आणि माझी लेक. सव्वीस वर्षांची, पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणारी. तिला लांबच्या, थंडीच्या गावी चांगली नोकरी मिळाली होती आणि गुरुवारी सकाळी दहाच्या गाडीने ती निघणार होती. मी तिच्या सामानाची तीन पानी यादी केली होती. तिने खोली बघितली होती ती स्वतः, पण तिथल्या घरमालकिणीला फोन केला होता मी. पलंग खिडकीपासून लांब सरकवा म्हणून सांगितलं होतं. लेकीला ते कळलं तेव्हा ती नुसतं "बरं, आई" म्हणाली होती. तिचं "बरं, आई" मला फार आवडायचं. किती समजूतदार पोर, असं वाटायचं.

तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा जरासा खाली आहे. लहानपणापासून. डॉक्टर म्हणाले होते, काही नाही, ठेवण आहे शरीराची. पण मी काय ऐकते? ती जवळून गेली की माझी दोन बोटं तिच्या खांद्यावर टकटक करायची. "खांदा!" एवढंच म्हणायचे. ती खांदा उचलायची, चार पावलं तशीच चालायची, मग तो पुन्हा आपल्या जागी यायचा. तिच्या प्रत्येक कपड्यात मी डाव्या खांद्याखाली कापसाची जास्तीची गादी घालत असे, म्हणजे निदान कपड्यात तरी ती सरळ दिसेल.

बुधवारी दुपारी सगळे आतल्या खोलीत डबे उघडून बसले होते. मला खडूची नवी पेटी हवी होती, म्हणून मी मास्तरांच्या टेबलाखाली वाकले. तिथे मागच्या बाजूला, जुन्या मलमलीत गुंडाळलेलं एक गाठोडं दिसलं. आमच्याकडे चिठ्ठीशिवाय कपडा नसतो. गिऱ्हाईक कोण, माप काय, कधी द्यायचा, सगळं त्या चिठ्ठीवर. या गाठोड्याला चिठ्ठी नव्हती. मी ते उचलून माझ्या टेबलावर नेलं.

आत कोट होता. गडद हिरवा, जाड लोकरी कापडाचा, आत आकाशी अस्तर. मी तो खिडकीत धरला. उलटा केला. अंगठा फिरवला. काही सापडेना. काजं बघितली, बटणं ओढून बघितली, बाह्यांची दुमड बघितली, अस्तर कापडाला जिथे भेटतं तिथले टाके एकेक मोजल्यासारखे बघितले. सगळं जिथल्या तिथे. पाव तास झाला. मला चक्क घाम फुटला. आता वाटतं, त्याच क्षणी मी तो कोट घडी घालून परत ठेवायला हवा होता. इतकं सुंदर काम माझ्या कारखान्यात झालंय म्हणून खुशीत डबा खायला जायला हवं होतं. पण नाही. वरून एवढं चांगलं दिसतंय म्हणजे आत कुठेतरी मोठी चूक आहे, याची मला खात्रीच पटली.

कोट टेबलावर सपाट पसरला, मापाची टेप लावली, आणि सापडली. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली बेतलेला होता. अर्धा इंच! खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. म्हातारे झाले मास्तर, असं वाटलं, आणि त्यांची दयासुद्धा आली. गळ्यातली छोटी कात्री काढली, दोन्ही खांदे उसवले, उजवी बाही मोकळी केली. मग मोठी कात्री घेतली, खडूने रेघ मारली आणि उजव्या खांद्याचं अर्धा इंच कापड पुढून मागून कापून टाकलं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. माझी मान ताठ झाली.

मंडळी हात पुसत बाहेर आली तेव्हा मी कोट सगळ्यांना दिसेल असा धरला. "मास्तर, हे काय आहे?"

मास्तर टेबलापाशी आले. त्यांनी कोटाकडे बघितलंच नाही. कापून पडलेल्या हिरव्या पट्ट्या दोन बोटांनी उचलल्या. "बाई, हे कापलंत?"

"मग काय गिऱ्हाइकाला वाकडा कोट घालू? अर्ध्या इंचाचा फरक! डोळे गेले असतील तर तसं सांगा मास्तर, मी बेतायला दुसरं माणूस बघते. आणि चिठ्ठी कुठे याची? कोणाचा कोट हा?"

हे मी सहा बायकांसमोर बोलले. पंचवीस वर्षं माझ्याकडे मान खाली घालून काम करणाऱ्या माणसाला. मास्तर पट्ट्या हातात घेऊन उभे राहिले. काजवाली पुसलेले हात पुन्हा पुसत राहिली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. लेक होती. दोन वाजता कधी ती कारखान्यात येत नाही. दारात तिने मला बघितलं, मग माझ्या हातातला कोट, त्याची लोंबणारी बाही, मास्तरांच्या हातातल्या पट्ट्या. पिशवी खाली ठेवली. आत आली, माझ्या हातातून कोट घेतला, अगदी हळू, झोपलेलं मूल घ्यावं तसा.

"माझा आहे, आई," ती म्हणाली.

मग ती मास्तरांकडे वळली. माझ्याकडे नाही, मास्तरांकडे. "सॉरी मास्तरकाका. एक टाका ठेवायला हवा होता आपण. तुम्ही म्हणत होता, मीच हट्ट केला. माझ्या कोटात तरी तो नको म्हटलं."

"कुठला टाका?" मी विचारलं.

  काजवालीला भीती वाटली की हसू येतं; तिला आता आलं. "बाईंचा टाका हो," ती म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे?"

"सांगू का मास्तर?" तिने विचारलं. मास्तरांनी मान हलवली नाही, पण अडवलंही नाही. "म्हणजे बघा बाई, सगळा कपडा नीट करायचा आणि शेवटी एक टाका मुद्दाम चुकवायचा. एखादं बटण सैल ठेवायचं, नाहीतर धागा सोडायचा. तुम्हाला पटकन सापडेल असा. तो सापडला की तुम्ही बाकीच्याला हात लावत नाही. नवीन बाई आली की पहिल्याच दिवशी शिकवतो आम्ही. टीप सरळ मारायची, काज घट्ट करायचं आणि बाईंचा टाका विसरायचा नाही. लहान पोरांना भरवताना आपण काऊचा एक घास, चिऊचा एक घास काढतो ना, तसा हा..." तिथे तिला कळलं आपण काय बोलतोय, आणि ती थांबली.

मी मास्तरांकडे बघितलं. आता त्यांना बोलणं भाग होतं.

"तुम्हाला आठवत नसेल," ते म्हणाले. "मी नवा होतो. एका गाणाऱ्या बाईंचा झगा होता. त्यात काही नव्हतं, खरंच काही नव्हतं. तुम्ही तीनदा उसवला. तिसऱ्यांदा कापड फाटलं. कार्यक्रमाला त्या बाई जुना झगा घालून गेल्या. त्याच्यानंतर जो कपडा केला, त्याचं एक बटण मी सैल ठेवलं. दोन मिनिटांत तुम्हाला सापडलं. तुम्ही इतक्या खूश झालात की सगळ्यांना चहा पाजलात."

तो चहा मला आठवत होता. मास्तर नवे आहेत, नजर बसायला वेळ लागेल, पण शिकतील, असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं.

 लाज वाटणं म्हणजे काय ते मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. दुसऱ्यांना वाटायला लावायची गोष्ट, एवढीच माझी ओळख. पंचवीस वर्षांत मी पकडलेली एकेक चूक कुणीतरी माझ्या हातात आणून ठेवली होती. मला खेळवलं जात होतं म्हणावं, तर तसंही नाही. ते आपलं काम वाचवत होते. माझ्यापासून.

आणि एवढं कळूनही माझं तोंड काय बोललं? "दे इकडे तो कोट. मी नीट करून देते."

लेक एक पाऊल मागे सरली. कोट तिने छातीशी धरला होता. "नको, आई."

"अगं, उद्या दहाची गाडी आहे. मास्तरांनी चूक केली काय आणि मी केली काय, आता..."

"मास्तरकाकांनी चूक केलेली नाही. माझा खांदा तसाच आहे." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. भांडणात मी हुशार आहे. "मला एक तरी कपडा माझ्या मापाचा हवा होता. तू घरी जा, आई. प्लीज."

मी मास्तरांकडे बघितलं. माझाच कारखाना, माझंच टेबल. मास्तर म्हणाले, "जा बाई. आज आम्ही बघतो."

जिना उतरले. खालचा औषधवाला मला बघून घड्याळाकडे बघायला लागला. भरदुपारी त्याने मला घरी जाताना कधी बघितलं नव्हतं.

घर चालत वीस मिनिटांवर. मी वाटेतल्या एका बागेत बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. रोज सहाला घरी पोचते, त्या दिवशी पाचला पोचले असेन. दार लोटलेलंच होतं. आत आमचे हे स्टुलावर चढले होते.

आमच्या बैठकीच्या खोलीत एकच चित्र आहे. नदी, नदीत एक होडी. हे निवृत्त झाले, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी घरी आले की ते चित्र डावीकडे कललेलं असतं. रोज मी चपला काढायच्या आधी ते सरळ करते. मी म्हणायचेही, "अहो, ही भिंत हलते की काय?" आणि हे म्हणायचे, "रस्त्यावरून गाड्या जातात ना, हादरे बसतात." मला ते पटलं होतं.

आता हे स्टुलावर उभे होते आणि दोन्ही हातांनी चित्राची चौकट धरून ती अलगद डावीकडे कलवत होते. मग मागे होऊन बघितलं, जास्त झालं असं वाटलं असावं, आणि थोडी सरळ केली.

"अहो," मी म्हणाले.

ते स्टुलावरून पडायचेच बाकी होते. भिंतीला धरून सावकाश खाली उतरले, स्टुलावरच बसले आणि चोरी पकडलेल्या मुलासारखे माझ्याकडे बघायला लागले.

"रोज?" मी विचारलं.

"रविवार सोडून. रविवारी तू दिवसभर घरी असतेस, तुला आपोआपच काहीतरी सापडतं."

"कशासाठी?"

"मध्ये एकदा विसरलो होतो. त्या दिवशी तू माझी सगळी पुस्तकं काढून उंचीप्रमाणे लावलीस." ते जरा थांबले. "त्यातलं एक मला अजून सापडत नाही."

दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मी पोट धरून हसले असते. मी पलंगावर बसले आणि त्यांना कारखान्यातलं सगळं सांगितलं. कोट, पट्ट्या, काऊचा घास. ऐकताना त्यांना आश्चर्य वाटलं नाही. तेव्हा मला जे विचारायचं नव्हतं ते मी विचारलं.

"आणि पोर? ती पण?"

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सातवीत होती. गणितं सगळी बरोबर आली की तू अक्षर बघायचीस आणि पान फाडून पुन्हा लिहायला लावायचीस. एकदा फार रडत होती. मीच म्हटलं तिला, एक गणित चुकव. आई ते पकडेल आणि बाकीचं सोडून देईल. मग तसंच चालू झालं."

"परीक्षेत?" मला माहीत होतं ते काय सांगणार. दहावीला तिला गणितात एक सोडून सगळे गुण मिळाले होते. साधी बेरीज चुकली होती.

"सवयीनं," हे म्हणाले. "रडत मला म्हणाली, बाबा, हाताने आपोआप चूक ठेवली."

त्या निकालानंतर मी तीन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. चौथ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती, काहीतरी सांगायचं होतं तिला. मी तिला म्हणाले होते, "खांदा."

चित्र कललेलंच होतं. मी उठले आणि माझा हात चौकटीकडे गेला.

"कर सरळ," हे म्हणाले. "मला राग नाही येत. खरंच."

राग येत नाही, हेच सगळ्यात वाईट होतं. मी हात खाली घेतला. त्या संध्याकाळी आम्ही दोघं त्या वाकड्या होडीखाली चहा प्यायलो. लेक आली, जेवली, सामान बांधायला गेली. यादी तिने घेतली नव्हती. मी तिच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत आले.

सकाळी आठला मी कारखान्यात गेले. मास्तर आधीच आलेले होते. पाणी मारून इस्त्री करत होते. हँगरवर हिरवा कोट होता. दोन्ही खांद्यांवर त्याच कापडाची एकेक रुंद पट्टी आली होती, उजवीकडे कापलेलं भरून काढायला आणि डावीकडे जोडी जमावी म्हणून. मुळातच तशी रचना असावी इतकी बेमालूम बसली होती, पण मला त्याची गोष्ट माहीत होती आणि लेकीलाही. मी कोटाला हात लावला नाही.

"मास्तर, काल मी तुम्हाला डोळ्यांवरून बोलले."

"बोललात," मास्तर म्हणाले. जाऊ द्या, चालायचंच, असं काही ते म्हणाले नाहीत. इस्त्री फिरवत राहिले. तेवढं मला भोगायला हवंच होतं.

माझ्या टेबलावर चाळीस जाकिटांचा गठ्ठा होता. एका हॉटेलातल्या वाढप्यांची जाकिटं, त्याच दिवशी पाठवायची होती. चाळीस जाकिटं म्हणजे माझे चाळीस टाके त्यात असणार.

"ही बघून घेताय ना बाई?" काजवालीने विचारलं. ती कालपासून माझ्या नजरेला नजर देत नव्हती.

"नाही. माझा टाका काढून टाका," मी म्हणाले. "सगळ्यांतला. आणि गाडी आली की पाठवून द्या."

"तुम्ही न बघता?"

"न बघता."

काजवालीने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी इस्त्री उभी ठेवली. दोघांनाही खरं वाटत नव्हतं आणि मला तरी कुठे वाटत होतं! मी पटकन जिना उतरले, कारण अजून एक मिनिट थांबले असते तर वरचं एक जाकीट उचललंच असतं. नंतर कळलं, काजवालीने एकात तरी सैल बटण ठेवलंच होतं. म्हणाली, "बाई परत आल्या तर?"

कोट घ्यायला लेक नऊला कारखान्यात गेली आणि तिथून गाडीतळावर आली. हे सामान घेऊन आधीच पोचले होते. मी लांबूनच तिला बघितलं. तो कोट घालून ती गर्दीतून येत होती. डावा खांदा खाली होता आणि कोटही त्याच्याबरोबर खाली आला होता, कुठे ताण नाही, कुठे चुणी नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी तिला तिच्या मापाच्या कपड्यात बघत होते. देखणी दिसत होती. मी गाद्या घालून घालून जिला सरळ करत होते, ती कोण होती मग?

तिने सामान चढवलं, बाबांना मिठी मारली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि डावा हात पुढे केला. "आई, बघ गं जरा. काही राहिलंय का?"

बाहीच्या टोकाला धागा लोंबत होता. चांगला बोटभर लांब. पांढरा. हिरव्या कोटाला पांढरा धागा. मास्तरांकडून चुकून तो राहिला असता, तर त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवला असता. तिने मागून घेतला होता. माझ्यासाठी. निघता निघता आईच्या हातात काहीतरी द्यावं, म्हणून.

माझी कात्री पर्समध्ये होती. फितीसकट. सवय काही एका दिवसात जात नाही. हात पर्सच्या चेनपर्यंत गेलाही. लेक दुसरीकडे बघत होती, डॉक्टरकडे सुई टोचून घेताना बघतात तशी.

मी तिचं मनगट धरलं. धागा माझ्या अंगठ्याला लागत होता.

"काही नाही राहिलं," मी म्हणाले. "छान झालाय कोट."

ती माझ्याकडे वळली. "नीट बघ."

"बघितलं."

ती बाहीकडे बघत होती, धाग्याकडे. तो तिलाही दिसत होता, मलाही. चालकाने इंजिन सुरू केलं. आता नाही तर कधीच नाही, असं मला झालं.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"कुठे?" तिने विचारलं.

टोचून नाही विचारलं. पण तो प्रश्न माझा होता. ती लहान असताना वही समोर धरून मी हेच विचारायचे, कुठे चुकलं, बोट ठेवून दाखव. बोट ठेवल्याशिवाय उठू देत नसे.

"खांद्यावर," मी म्हणाले.

 तिने मान डोलावली, मला मिठी मात्र मारली नाही. मनगट माझ्या हातात एक क्षण जास्त राहू दिलं एवढंच, आणि गाडीत चढली.

खिडकीची जागा तिला मिळाली. काचेतून ती दिसत होती, हिरवा कोट, पट्टी, खाली असलेला डावा खांदा. गाडी मागे सरकून वळायला लागली. आणि माझा हात आपोआप वर आला, तीच दोन बोटं पुढे करून, हवेत टकटक करायला. ओठ "खां" म्हणण्यापुरते उघडलेसुद्धा. तेवढ्यात मला कळलं मी काय करतेय. लाजेने मी सगळीच बोटं उघडली आणि हात तसाच हलवला.

तिला वाटलं, मी निरोप देतेय. तिनेही हात हलवला. बाहीचा पांढरा धागा गाडी वळेपर्यंत मला दिसत होता.